समाजधुरीण दिवाणबहादूर अण्णासाहेब लठ्ठे : जीवन आणि कार्य

संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा ज्यांनी विटा रचल्या, ज्यांनी देणग्या दिल्या, ज्यांनी रात्र रात्र बसून हिशेब जुळविले, अशा सर्वांची आठवण करणे हे आपले कर्तव्य ठरते. त्यांची नावे या स्मरणिकेच्या पानोपानी आपल्याला भेटतील. परंतु याहूनही मागे जाऊन एक प्रश्न स्वतःला विचारावासा वाटतो. सभा भरवावी, ठराव मांडावा, त्यावर मोकळी चर्चा व्हावी, पै-पैचा हिशेब समाजापुढे ठेवावा, मुलांसाठी वसतिगृह काढावे, मुखपत्र चालवावे ही रीत आपल्या समाजात आली कोठून? पूर्वी समाजाचे निर्णय पंच, उपाध्ये आणि मठ यांच्या हाती असत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काही थोड्या सुशिक्षित मंडळींनी ही जुनी घडी मोडून नवी बसविली. आपल्या सोलापुरात रावसाहेब हिराचंद नेमचंद दोशी यांनी ‘जैन बोधक’ मासिकाच्या द्वारे हे काम केले. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात हेच काम ज्यांनी अंगावर घेतले, त्यांत अग्रभागी होते दिवाणबहादूर अण्णा बाबाजी लठ्ठे.

वकील, प्राध्यापक, संपादक, ग्रंथकार, विधिमंडळाचे सभासद, संस्थानचे दिवाण आणि शेवटी मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री अशा अनेक नात्यांनी अण्णासाहेब महाराष्ट्राला परिचित होते. आज त्यांचे नाव सांगलीच्या लठ्ठे एज्युकेशन सोसायटीमुळे कानावर पडते, पण त्या नावामागील माणूस तरुण पिढीला फारसा ठाऊक नाही. म्हणून हा अल्प परिचय.

कुरुंदवाडचा मुलगा

अण्णासाहेबांचा जन्म १८७८ साली कुरुंदवाड येथे झाला. आज हे गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात आहे. त्या काळी ते पटवर्धनांच्या एका लहान संस्थानची राजधानी होते. नृसिंहवाडीचा कृष्णा-पंचगंगा संगम येथून हाकेच्या अंतरावर. काळीभोर जमीन, पावसाळ्यात नदीचा पूर आणि गावोगावी शेती करणारी जैन कुटुंबे, असा हा परिसर.

येथे सोलापूरकर वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या शहरातील जैन समाजाची ओळख बव्हंशी पेठेशी, व्यापाराशी आणि गिरण्यांशी जोडलेली आहे. हुंबड, सैतवाळ, कासार, पंचम, चतुर्थ अशा अनेक शाखांची कुटुंबे येथे नांदतात. कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या भागांतील जैन मात्र प्रामुख्याने नांगर धरणारा शेतकरी. तो घरी मराठी किंवा कानडी बोले, सावकाराच्या वहीवर अंगठा उठवी आणि मुलाला शाळेत धाडण्याऐवजी रानात नेई. सधन आणि अशिक्षित, किंवा निर्धन आणि अशिक्षित, अशी बहुतेकांची स्थिती होती. अण्णासाहेबांच्या पुढील सर्व कार्याची मुळे या परिस्थितीत आहेत. समाजाचा प्रश्न त्यांना देवळापुरता कधीच वाटला नाही. तो शेतकऱ्याचा, विद्येचा आणि सरकारदरबारी प्रतिनिधित्वाचा प्रश्न होता.

अशा वातावरणातून अण्णासाहेब शिकत गेले आणि एम.ए. व एलएल.बी. झाले. त्या पिढीत या भागातील जैन तरुणाने इंग्रजी घेऊन एम.ए. व्हावे आणि कायद्याचीही पदवी मिळवावी, ही विरळा गोष्ट होती. कायद्याच्या पदवीला त्या काळी विशेष मोल होते. सनद हाती असलेला माणूस कलेक्टर कचेरीत, कोर्टात, म्युनिसिपालिटीत सरकारशी सरकारच्या भाषेत बोलू शके. मंडलिक, तेलंग, रानडे, मेहता अशा मुंबई इलाख्यातील सार्वजनिक पुरुषांच्या मालिकेकडे पाहिले, तर त्यांत कायद्याचे पदवीधर किती होते हे सहज दिसते. हे दार बहुजन समाजापुढे आणि जैन शेतकऱ्यांच्या मुलांपुढे उशिरा उघडले. ते उघडणाऱ्या पहिल्या फळीत अण्णासाहेब होते.

स्तवनिधीची सभा

१८९९ साली निपाणीजवळील स्तवनिधी या क्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. पुढे हीच दक्षिण भारत जैन सभा म्हणून नावारूपास आली. तिच्या आद्य संस्थापकांत अण्णासाहेब होते. तेव्हा त्यांचे वय अवघे वीस-एकवीस वर्षांचे होते.

सभेचे कार्य आज आपल्याला साधे वाटेल. शिक्षणाचा प्रसार करावा, अनिष्ट रूढी टाकाव्यात, समाजाच्या संस्थांचा कारभार चोख असावा, निरनिराळ्या पोटजातींनी एकत्र बसावे. पण त्या काळी हे साधे नव्हते. खेड्यातील धर्मकृत्यांवर उपाध्यायांचा वंशपरंपरागत अधिकार होता आणि मठांच्या गादीचा शब्द अखेरचा मानला जाई. धर्मग्रंथ छापावेत की नाहीत, यावरसुद्धा देशभरच्या जैन समाजात मोठे वाद माजत होते. शास्त्रे छापली की त्यांचे पावित्र्य भंगेल असे मानणारे पुष्कळ होते. अशा वेळी सामान्य श्रावकाने सभेत उभे राहून मत द्यावे, ही कल्पनाच नवी होती. ‘प्रगती आणि जिनविजय’ हे मुखपत्र या नव्या विचारांचे वाहन ठरले आणि त्याच्या संपादनातही अण्णासाहेबांचा वाटा होता.

१८९३ साली वीरचंद राघवजी गांधी यांनी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत जैन धर्माचा परिचय जगाला करून दिला होता. त्यानंतर बारा वर्षांनी, १९०५ साली, अण्णासाहेबांनी जैन धर्माची ओळख करून देणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. जैन धर्म ही बौद्ध किंवा ब्राह्मण परंपरेची शाखा नसून ते स्वतंत्र दर्शन आहे, ही गोष्ट त्या काळच्या इंग्रजी शिकलेल्या वाचकाला नव्याने सांगावी लागत होती. पुढे त्याच दक्षिण भागातून सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये यांच्यासारखा जागतिक कीर्तीचा प्राकृतपंडित निर्माण झाला आणि ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या नावाने सोलापुरात चाललेल्या ग्रंथमालेचे संपादन त्यांनी केले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या विद्येच्या वाटेवर प्रारंभीचा दगड रचणाऱ्यांत अण्णासाहेबांची गणना करावी लागेल.

राजर्षींच्या छत्राखाली

कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास प्रारंभ केला. खेड्यातील मुलाला शहरात राहण्या-जेवण्याची सोय नाही, म्हणून तो शिकत नाही, हे महाराजांनी ओळखले होते. त्या मालिकेतील आरंभीच्या वसतिगृहांत दिगंबर जैन बोर्डिंग होते. १९०२ साली महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. जागा राखल्या, पण त्या भरण्यास शिकलेली माणसे हवीत. ती वसतिगृहांतून येणार होती. हुकूम आणि वसतिगृह या एकाच गाड्याच्या दोन चाकांसारख्या गोष्टी होत्या.

अण्णासाहेब १९०७ ते १९११ या काळात कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यानंतर संस्थानच्या शिक्षणखात्यात त्यांनी अधिकाराचे पद सांभाळले. जैन बोर्डिंगच्या कारभारावर त्यांची देखरेख होती. १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची शाखा स्थापन झाली, तेव्हा भास्करराव जाधव अध्यक्ष व अण्णासाहेब लठ्ठे उपाध्यक्ष झाले. महात्मा फुले यांनी १८७३ साली पुण्यास लावलेले रोप कोल्हापूरच्या भूमीत पुन्हा फोफावले, त्यात एका जैन विद्वानाचा असा सहभाग होता.

एक विद्यार्थी आणि एक व्यवस्थापक

या काळातील एक प्रसंग सांगणे आवश्यक आहे. तो अण्णासाहेबांच्या गौरवाचा नाही, तरीही तो वगळून त्यांचे चरित्र पुरे होत नाही.

कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेला भाऊराव पायगोंडा पाटील नावाचा एक जैन विद्यार्थी त्या वेळी बोर्डिंगमध्ये राहून शिकत होता. कोल्हापुरात अस्पृश्य समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाने वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभास हा तरुण आवर्जून गेला. परत आल्यावर स्नान करून मगच भोजनगृहात यावे, अशी शिस्त त्याला सांगण्यात आली. माणसाच्या स्पर्शाने विटाळ होतो हे त्याला मान्य नव्हते, म्हणून त्याने स्नान करण्यास साफ नकार दिला. परिणामी त्याला बोर्डिंग सोडावे लागले. ही शिक्षा करणारे व्यवस्थापक होते अण्णासाहेब लठ्ठे. पुढे या विद्यार्थ्याला शाहू महाराजांनी आपल्या आश्रयास ठेवून घेतले.

ज्यांनी समाजातील कित्येक रूढींवर घाव घातला, त्या सुधारकाचा हात या एका रूढीपाशी अडखळला. त्यांच्या बाजूने इतकेच म्हणता येईल, की नवी संस्था चालविणाऱ्याला पालकांची भीती असते. गावोगावचे श्रावक आपली मुले काढून नेतील, ही चिंता खोटी नव्हती. पण ज्या मुलाने ही चिंता जुमानली नाही, तोच काळाच्या कसोटीस उतरला. संस्था टिकविण्यासाठी तत्त्वाला मुरड घालावी की तत्त्वासाठी संस्थेची हानी सोसावी, हा पेच प्रत्येक विश्वस्ताला कधी ना कधी पडतो. आपल्या पन्नास वर्षांतही तो आला असेल, पुढेही येईल. म्हणून हा प्रसंग लपवू नये, त्यावरून शिकावे.

डांबर प्रकरण

१९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील पुतळ्यांना कोणी अज्ञाताने डांबर फासले. परकी सत्तेच्या दृष्टीने हा राजद्रोहासारखा अपराध होता आणि संस्थानिकावर रेसिडेंटची सतत नजर असे. तपासाच्या धामधुमीत संशयाचे बोट अण्णासाहेबांकडे वळले. याच सुमारास दरबाराशी त्यांचे संबंध बिघडले होते. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून ज्यांच्यावर दडपण आणण्यात आले, त्यांत भाऊराव पाटील होते.

ज्याने आपल्याला वसतिगृहातून काढून टाकले, त्याच्यावर सूड घेण्याची संधी भाऊरावांपुढे आयती चालून आली होती. होकार दिला असता तर स्वतःची सुटका झाली असती आणि जुना हिशेबही चुकता झाला असता. भाऊरावांनी खोटी साक्ष देण्यास नकार दिला. त्यापायी त्यांना तुरुंगवास आणि अमानुष छळ सोसावा लागला, जीव नकोसा होण्याची वेळ आली. पण ते बधले नाहीत. पुढे १९१९ साली याच भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि महाराष्ट्राने त्यांना कर्मवीर ही पदवी दिली. ज्या वसतिगृहातून त्यांना जावे लागले होते, त्याचे उत्तर म्हणून त्यांनी सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसविणारी वसतिगृहे उभी केली.

सत्य आणि क्षमा ही दोन्ही तत्त्वे आपण प्रतिवर्षी पर्युषणात उच्चारतो. वैरभाव मनात न ठेवणे म्हणजे काय आणि जीव गेला तरी असत्य न बोलणे म्हणजे काय, याचे याहून ठळक उदाहरण आपल्या समाजाच्या अर्वाचीन इतिहासात शोधून सापडणे कठीण. अण्णासाहेबांच्या चरित्रात हे उदाहरण दुसऱ्याच्या पुण्याईने आले आहे, हे नमूद करण्यात त्यांचा अवमान नाही.

बेळगावची वकिली आणि दिल्लीचे विधिमंडळ

कोल्हापूर सोडून अण्णासाहेब बेळगावास आले आणि तेथे वकिलीत स्थिरावले. पद गेले, राजाश्रय गेला. पण सनद होती आणि बुद्धी होती. ज्याच्या हाती स्वतंत्र व्यवसाय आहे, त्याला कोणाच्या मर्जीवर सार्वजनिक जीवन बेतावे लागत नाही. बेळगाव हे जिल्ह्याचे ठिकाण, मराठी आणि कानडी दोन्ही भाषांचा संगम आणि आसपास जैन वस्तीची दाट खेडी. त्यांच्या कार्याला हे ठिकाण सर्वथैव अनुकूल ठरले.

याच सुमारास ब्राह्मणेतर चळवळीला राजकीय वळण लागले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदुस्थानला काही अधिकार मिळणार हे दिसू लागले होते. ते अधिकार मूठभर शिकलेल्यांच्याच हाती जाणार की शेतकऱ्याला त्यात वाटा मिळणार, हा तेव्हाचा ज्वलंत प्रश्न होता. भास्करराव जाधव, ‘जागरूक’कार वालचंद कोठारी आणि अण्णासाहेब लठ्ठे ही मंडळी हा प्रश्न घेऊन पुढे आली. ‘डेक्कन रयत’ या इंग्रजी पत्राशी अण्णासाहेबांचा निकटचा संबंध होता. या तिघांपैकी कोठारी आणि लठ्ठे हे दोघे जैन होते, ही बाब लक्षणीय आहे. संख्येने लहान असलेल्या समाजाने बहुजनांपासून वेगळे न राहता त्यांच्या सुखदुःखाशी आपले नाते जोडावे, हा त्यांच्या राजकारणाचा गाभा होता.

१९१९ च्या कायद्यानुसार १९२० साली निवडणुका झाल्या आणि अण्णासाहेब दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळावर निवडून गेले. १९२१ ते १९२३ या काळात ते तेथे सभासद होते. जैनांसाठी त्या कायद्यात स्वतंत्र मतदारसंघ नव्हता. म्हणजेच ते निवडून आले ते केवळ स्वधर्मीयांच्या मतांवर नव्हे, तर दक्षिण भागातील सर्वसाधारण ग्रामीण मतदारांच्या पाठिंब्यावर. मताचा अधिकार तेव्हा सारा किंवा कर भरणाऱ्या थोड्यांनाच होता आणि विधिमंडळाचे अधिकारही तुटपुंजे होते. गव्हर्नर जनरल हवा तो कायदा स्वतःच्या अधिकारात लागू करू शके. असे असले तरी सरकारला उघड सभेत प्रश्न विचारण्याचा, अंदाजपत्रकाची चिकित्सा करण्याचा पाठ या सभागृहानेच देशाला दिला. कुरुंदवाडचा शेतकरी मुलुख दिल्लीच्या सभागृहात बोलू लागला, ही गोष्ट लहान नव्हती.

ज्यांनी दूर केले त्यांचेच चरित्र

६ मे १९२२ रोजी राजर्षी शाहू महाराज कालवश झाले. त्यांचे विस्तृत चरित्र लिहिण्याचे काम कोणी करावे? ज्यांना १९१४ साली कोल्हापूर सोडावे लागले, त्या अण्णासाहेबांनीच ते केले. १९२४ साली त्यांनी लिहिलेले महाराजांचे इंग्रजी चरित्र दोन खंडांत प्रसिद्ध झाले. महाराजांच्या जीवनाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला आजही या ग्रंथाकडे वळावे लागते.

मनुष्याचा मोठेपणा त्याच्या शत्रुत्वात जितका दिसतो, त्याहून अधिक तो शत्रुत्व विसरण्यात दिसतो. स्वतःवर ओढवलेल्या प्रसंगाचे भांडवल करणे अण्णासाहेबांना अशक्य नव्हते. इंग्रजीवर प्रभुत्व होते, वृत्तपत्रे हाताशी होती. पण बहुजन समाजासाठी एका राजाने काय केले, याची नोंद भावी पिढ्यांसाठी राहावी, हे त्यांना स्वतःच्या दुःखापेक्षा महत्त्वाचे वाटले. भाऊरावांनी त्यांच्याबाबत जे केले, त्याचेच जणू प्रतिबिंब त्यांनी महाराजांबाबत दाखविले.

पुढे काळाने आणखी एक वर्तुळ पूर्ण केले. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात, अण्णासाहेब सन्मानाने कोल्हापुरास परत आले ते संस्थानचे दिवाण म्हणून. ज्या शहरातून संशयाचे ओझे घेऊन ते गेले, त्याच शहराच्या कारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली. सरकारने त्यांना दिवाणबहादूर ही पदवी दिली आणि पुढे याच नावाने ते सर्वत्र ओळखले गेले.

इलाख्याची तिजोरी

१९३० च्या दशकात ब्राह्मणेतर चळवळीतील अनेक कार्यकर्ते राष्ट्रीय सभेत सामील झाले. अण्णासाहेबही त्या प्रवाहात आले. १९३७ साली नव्या कायद्याखाली १७५ जागांच्या मुंबई विधानसभेची निवडणूक झाली आणि जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. कन्हैयालाल मुनशी गृहखात्याचे, मोरारजी देसाई महसुलाचे, डॉ. गिल्डर आरोग्य व आबकारीचे, तर अण्णासाहेब लठ्ठे अर्थखात्याचे मंत्री झाले.

त्या मंत्रिमंडळाचे आयुष्य सव्वादोन वर्षांचे. तेवढ्या अवधीत कर्जबाजारी शेतकऱ्यास दिलासा देणारा आणि कुळांच्या हक्कांचे रक्षण करणारा असे दोन महत्त्वाचे कायदे १९३९ साली झाले. गिरणी कामगारांच्या वेतनाच्या चौकशीसाठी १९३७ साली जी समिती नेमली गेली, तिच्या कक्षेत मुंबई-अहमदाबादबरोबर आपले सोलापूरही होते. १९३० च्या मार्शल लॉची आणि १९३१ साली फासावर गेलेल्या चार हुतात्म्यांची जखम ताजी असलेल्या या शहराला लोकांचे म्हणता येईल असे सरकार प्रथमच दिसत होते.

अर्थमंत्री या नात्याने अण्णासाहेबांची खरी कसोटी लागली ती दारूबंदीच्या प्रश्नावर. महात्मा गांधींच्या विधायक कार्यक्रमात दारूबंदीला अग्रस्थान होते. पण दारू व ताडीवरील आबकारी हा इलाख्याच्या उत्पन्नाचा एक मुख्य झरा होता. तो झरा आटविला तर शाळा, दवाखाने आणि रस्ते कशावर चालवायचे? मद्यत्याग हा ज्या धर्मातील श्रावकाचा पहिला नियम, त्या धर्मात वाढलेल्या मंत्र्यापुढे आता प्रश्न असा उभा राहिला, की व्रत वैयक्तिक असते तेव्हा त्याची किंमत व्रती स्वतः देतो. ते राज्याचे धोरण झाले की किंमत कोणी द्यायची?

अण्णासाहेबांच्या खात्याने त्याचे उत्तर दिले. गरिबाच्या व्यसनातून येणारा पैसा सोडावा आणि ती तूट सधनांकडून भरून काढावी. १९३९ साली मुंबई-अहमदाबादसारख्या मोठ्या शहरांतील स्थावर मिळकतींवर वार्षिक भाडेमूल्याच्या दहा टक्के इतका नवा कर बसविण्यात आला. घरमालक आणि व्यापारी वर्गात मोठा क्षोभ उसळला. या वर्गात आपल्या समाजाचे धनिकही होते. आपल्याच धर्मबांधवांना खुपेल असा कर लावणे कोणाही मंत्र्याला सोपे नसते. तरीही १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली.

दारूबंदी यशस्वी झाली का, कर न्याय्य होता का, यावर तेव्हाही मतभेद होते आणि आजही आहेत. त्याच वर्षी युद्ध पेटले, हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि ती योजना त्या रूपात टिकली नाही. पण एक गोष्ट निर्विवाद राहते. अहिंसेची आणि संयमाची तत्त्वे व्याख्यानात सांगणारे पुष्कळ असतात. ती अंदाजपत्रकाच्या आकड्यांत उतरविण्याचा आणि त्याचा भार ज्यांना पेलवेल त्यांच्यावर टाकण्याचा यत्न करणारे थोडे. अपरिग्रहाचा अर्थ शासनाच्या पातळीवर काय होऊ शकतो, याचा हा एक प्रयोगच होता.

अखेर आणि वारसा

हिंदुस्थान स्वतंत्र झालेला आणि प्रजासत्ताक बनलेला पाहून १९५० साली अण्णासाहेबांनी इहलोकीची यात्रा संपविली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्या तरुणाने स्तवनिधीच्या सभेत समाजाला ठराव मांडायला शिकविले, त्याच्या डोळ्यांदेखत प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मताचा अधिकार देणारी घटना या देशाने स्वीकारली.

त्यांच्या नावाची लठ्ठे एज्युकेशन सोसायटी सांगली येथे ज्ञानदान करीत आली आहे. त्याच सोसायटीच्या महाविद्यालयाला कस्तुरबाई वालचंद यांचे नाव आहे, आणि शेठ वालचंद हिराचंद हे आपल्या सोलापूरचे सुपुत्र. पेठेतील जैन आणि शेतातील जैन, दानशूर उद्योगपती आणि कायदेपंडित सुधारक यांची नावे एका शिक्षणसंस्थेच्या वास्तूवर अशी एकत्र आलेली पाहून समाधान वाटते. आपल्या समाजाच्या दोन प्रवाहांचा हा कृष्णा-पंचगंगेसारखाच संगम म्हणावा लागेल.

अण्णासाहेबांचे चरित्र निर्दोष नव्हते, आणि ते तसे रंगविण्याचे कारणही नाही. ज्या वसतिगृहासाठी त्यांनी कष्ट केले, तेथेच त्यांच्याकडून एका तेजस्वी विद्यार्थ्यावर अन्याय झाला. ज्या राजाच्या साहाय्याने ते वाढले, त्याच्याशी बिनसले. पण अन्याय सहन केलेल्याने सूड घेतला नाही, आणि ज्यांना दूर व्हावे लागले त्यांनी कटुता ठेवली नाही. या दोन क्षमांच्या मध्ये त्यांचे जीवन उभे आहे. संस्था दीर्घायुषी होतात त्या केवळ निधीवर नव्हे. मतभेद झालेल्या माणसांनी परत एका सतरंजीवर बसण्याची तयारी दाखविली तरच त्यांचे सुवर्णमहोत्सव होतात.

आपल्या संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांत असे प्रसंग येतील, जेव्हा कोणाला वगळावे, कोणाला आत घ्यावे, कोणावर भार टाकावा, हे ठरवावे लागेल. त्या वेळी विश्वस्तांच्या बैठकीत कर्मवीरांचा तो नकार आणि अण्णासाहेबांचा तो ग्रंथ यांचे स्मरण राहो. समाजाला सभा, शिक्षण आणि सार्वजनिक जीवन यांची वाट दाखविणाऱ्या या थोर पुरुषाच्या स्मृतीस सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी आम्हा सर्वांचे विनम्र अभिवादन.